बोअरचे पाणी आणि आफ्रिकेचे मासे : मोठ्या सिक्लिड टाकीविषयी वाचकांचे प्रश्न

सिक्लिड कुळातल्या माशांसाठी मोठी मत्स्यटाकी घरी बांधून घेण्याविषयीच्या प्रश्नांपैकी सहा येथे घेतले आहेत. लातूरच्या वाचकाचा प्रश्न मुद्दाम आधी घेतला, कारण टाकीचे माप, काच आणि स्टँड यांच्याही आधी विचार व्हायला हवा तो पाण्याचा, आणि बहुतेक जण तो सर्वांत शेवटी करतात.

प्रश्न (लातूर) : आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ९०० येतो. भांड्यांवर पांढरे डाग पडतात. दुकानदार म्हणतो की या पाण्यात मासे जगणार नाहीत, आधी मोठा आरओ बसवा. हे खरे आहे का?

उत्तर : दुकानदाराच्या डोळ्यांसमोर डिस्कस असावा. तो अमेझॉन खोऱ्यातला मासा आहे. तिथले पाणी मऊ आणि आम्लधर्मी असते, त्यामुळे त्याच्यासाठी तुमचे बोअर खरोखरच निरुपयोगी आहे. पूर्व आफ्रिकेतल्या सरोवरांच्या सिक्लिडांचे गणित मात्र नेमके उलटे आहे. मलावी सरोवराचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ७.७ ते ८.६ असतो आणि टांगानिकाचा त्याहूनही वर, ९ च्या आसपास जातो. आपल्याकडे काळ्या बेसाल्टच्या भेगांतून झिरपत आलेले भूजल बहुधा कठीण आणि अल्कधर्मी असते, आणि ज्या पाण्याला आपण घरात जन्मभर नावे ठेवतो तेच या माशांच्या पथ्यावर पडते. आधी मासा निवडून मग त्याच्यासाठी पाणी घडवत बसण्यापेक्षा नळाला येणाऱ्या पाण्यावरून मासा ठरवावा, असे माझे ठाम मत आहे.

तथापि, कितीही खारे पाणी चालते असा याचा अर्थ नव्हे. मलावीचे पाणी अल्कधर्मी असले तरी त्यातल्या क्षारांचे एकूण प्रमाण तुमच्या बोअरपेक्षा बरेच कमी आहे. टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा एकत्रित अंदाज देतो. त्यात चुना किती, मीठ किती आणि शेतातल्या युरियामधून उतरलेले नायट्रेट किती, हे तो सांगत नाही. म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून सामू, एकूण कठीणता, क्लोराइड आणि नायट्रेट एवढे चार आकडे काढून घ्यावेत. पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. बोअरच्या पाण्यातच नायट्रेट त्या आकड्याच्या आसपास असेल तर पाणी बदलून टाकीतले नायट्रेट कमी करण्याचा मार्ग मुळातच बंद होतो, आणि अशा वेळी पावसाचे साठवलेले किंवा आरओचे पाणी निम्मे मिसळावे. क्लोराइड आणि नायट्रेट आवाक्यात असतील तर मोठा आरओ लागणार नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात आरओच्या नळीतून वाया जाणारे पाणी पाहणे तसेही अवघड आहे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : दुसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये ६ फूट लांब, २ फूट रुंद टाकी करायची आहे. उंची २ फूट ठेवावी की अडीच? काच किती जाडीची घ्यावी, आणि स्लॅबला हे वजन झेपेल का?

उत्तर : उंची २ फूटच ठेवा आणि जागा असेल तर वाढीव अर्धा फूट रुंदीला द्या. काचेवर पडणारा रेटा पाण्याच्या एकूण साठ्यावर नव्हे, तर उंचीवर आणि काचेच्या लांबीवर अवलंबून असतो, आणि उंची वाढली की तो तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुमच्या टाकीत २ फूट पाणी असताना पुढच्या काचेवर सुमारे ३४० किलोंचा रेटा असेल. अडीच फुटांवर तोच सव्वापाचशेच्या पुढे जाईल. शिवाय मलावीचे मासे आपली हद्द तळावर आणि दगडांत आखतात. रुंदी वाढली की त्यांना जमीन मिळते; उंची वाढली की आपल्याला फक्त तळ साफ करताना खांद्यापर्यंत हात भिजवावा लागतो. दोन फुटांसाठी १२ मिलिमीटर जाडीची काच घ्यावी आणि वरच्या कडेने आतून काचेच्या आडव्या पट्ट्या अवश्य लावून घ्याव्यात.

आता वजनाचे. सहा बाय दोन बाय दोनच्या टाकीत बाहेरच्या मापाने ६८० लिटर पाणी भरते. काचेची जाडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ते सहाशेच्या आसपास राहते. त्यात सव्वाशे किलो काच, तेवढेच दगड व वाळू, लोखंडी स्टँड आणि स्टँडमधल्या गाळणटाकीतले, म्हणजे पाणी गाळण्यासाठी खाली ठेवलेल्या छोट्या टाकीतले, पाणी धरले की एक टनाचा आकडा गाठला जातो, आणि हे सारे सव्वा चौरस मीटरहून कमी जागेवर. राहत्या घराच्या स्लॅबचा आराखडा करताना चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरलेला असतो. याचा अर्थ स्लॅब लगेच खचेल असा नाही, कारण पूर्ण खोलीभर तेवढा भार कधी नसतो. पण टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता बीमच्या रेषेत, भिंतीला लागून, शक्यतो दोन कॉलमच्या जवळ असावी, आणि इमारतीचा नकाशा पाहून एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी होकार दिल्याशिवाय काचेची ऑर्डर देऊ नये. जुन्या माळवदाच्या घरात वरच्या मजल्याचा विचारच सोडून द्यावा. तळमजल्यावर शहाबादी फरशी असेल तर ती ठोकून पाहावी. पोकळ वाजली तर स्टँडचे पाय तिच्यावर टेकवू नयेत.

प्रश्न (नांदेड) : आमच्याकडे खिडक्यांचे काम करणारा काचवाला टाकी बनवून द्यायला तयार आहे. त्याला कोणत्या सूचना द्याव्यात? टाकी तयार झाल्यावर मासे कधी सोडावेत?

उत्तर : खिडकीवाल्याची सवय बुरशीरोधक सिलिकॉन वापरण्याची असते, ते माशांना विषारी ठरू शकते. टाकीसाठी व्हिनेगरसारखा वास येणारे, बुरशीनाशक न मिसळलेले सिलिकॉन लागते. टफन केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटून तिचा चुरा होतो, म्हणून पाइपाची भोके आधीच ठरवावीत किंवा साधी काचच घ्यावी. जोड दिल्यावर किमान आठवडाभर टाकीला हात लावू नये. मग ती अंगणात पाणसळ लावून, खाली थर्माकोल घालून भरावी आणि दोन दिवस तशीच ठेवावी. माझ्या पहिल्या मोठ्या टाकीचा स्टँड एका कोपऱ्यात जेमतेम सुपारीच्या खांडाएवढा खाली होता. मी तिकडे दुर्लक्ष केले, आणि तिसऱ्या महिन्यात एका रात्री दिवाणखान्यात घोट्याएवढे पाणी साचले होते.

मासे सोडण्याची घाई मात्र याहून महागात पडते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो; जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ही जिवाणूंची वसाहत नव्या गाळणीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अल्कधर्मी पाण्यात हा मुद्दा अधिकच गंभीर होतो, कारण २५ अंश तापमानाला सामू ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, तर सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. म्हणून रिकाम्या टाकीत थोडा अमोनिया घालून जिवाणू वाढवावेत आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याखेरीज मासे आणू नयेत. ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीच्या गाळणीतला फोम मिळाला तर वेळ निम्म्यावर येऊ शकतो. टँकरचे किंवा नळाचे ब्लीचिंग घातलेले पाणी त्या गाळणीवर थेट सोडले, तर महिन्याची मेहनत एका बादलीत जाते.

प्रश्न (परभणी) : मे महिन्यात घरातच ३५ अंश असते आणि लाइट केव्हा जाईल याचा भरवसा नाही. चिलर परवडत नाही. अशा ठिकाणी सिक्लिड ठेवावेत का?

उत्तर : ठेवावेत, पण टाकीची रचनाच या दोन अडचणी धरून करावी. मलावीच्या माशांना २४ ते २८ अंश मानवते. पाणी तापते तेव्हा माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू घटतो : २५ अंशांना लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३२ अंशांना सव्वासात. उन्हाळ्यात मासे दगावतात ते बहुधा गुदमरून.

आपल्या कोरड्या हवेत कूलर चालतो, त्याच तत्त्वावर पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावलेला साधा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरवतो. वरची झाकणे काढून जाळी लावावी, कारण हे मासे उडी मारतात. मात्र वाफ होऊन उडते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. रोजची भरपाई बोअरच्या पाण्याने केली तर जूनपर्यंत टाकीतला टीडीएस दुप्पट झालेला दिसेल. भरपाई आरओच्या शुद्ध पाण्याने करावी. आरओचे वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून टाकीत ओतणारे लोक मला भेटले आहेत. त्यांनी ते फरशी पुसायला वापरावे.

लाइटचा विचार करता बंद डब्याच्या फिल्टरपेक्षा स्टँडमधली उघडी गाळणटाकी बरी. डबा चार-पाच तास बंद राहिला की आतले जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात आणि लाइट आल्यावर ती घाण थेट माशांवर येते. गाळणटाकीत पंप थांबल्यावर वरचे पाणी खाली उतरते, म्हणून तिचा वरचा तिसरा भाग रिकामा ठेवावा आणि परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक छोटे भोक पाडावे, म्हणजे पाणी त्यापुढे ओढले जात नाही. मासे आणण्यापूर्वी दिवसाढवळ्या स्वतः प्लग काढून काय होते ते पाहावे. पंप इन्व्हर्टरवर घेता आला तर उत्तमच, नाहीतर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा. आणि परभणीची थंडी विसरू नये. जिथे पारा एकेरी आकड्यावर येतो तिथे डिसेंबरात हीटर लागतोच. एक मोठा घेण्याऐवजी दोन मध्यम घ्यावेत, म्हणजे एक बिघडला तरी पाणी एकदम गार पडत नाही.

प्रश्न (बीड) : ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि रंगीत आफ्रिकन मासे एकाच टाकीत चालतील का? नदीतले दगड वापरले तर चालतील का?

उत्तर : एकत्र नकोत. ऑस्कर फूटभर वाढतो, फ्लॉवरहॉर्न हा संकरित मासा तर एकटाच राहावा अशा स्वभावाचा आहे. शिवाय मलावीच्या खडकांत राहणारे म्बुना मुख्यतः शेवाळ खरवडून खातात. ऑस्करचे मांसाहारी खाद्य त्यांना मिळत गेले की पोट फुगून ते मरतात. म्बुनांना स्पिरुलिना या शेवाळाचे खाद्य आणि अधूनमधून उकळत्या पाण्यातून काढलेला पालक द्यावा. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. टाकी थोडी गच्च भरलेली असली तर मारामारी एकाच माशावर एकवटत नाही, पण मग गाळणीही तेवढी दमदार हवी.

नदीतला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, निर्धोक आहे. दगड आधी तळावर पक्के बसवावेत आणि वाळू नंतर घालावी, कारण हे मासे वाळू उपसतात आणि वाळूवर रचलेला ढीग एक दिवस काचेवर कोसळतो.

प्रश्न (जालना) : पिल्ले फार झाली आहेत. गावच्या तलावात सोडावीत का?

उत्तर : सोडू नयेत. १९५२ साली भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया हाही सिक्लिडच आहे. उजनीचे मच्छीमार ज्याला चिलापी म्हणतात त्याच गोतावळ्यातला. तो आता देशभरातल्या जलाशयांत पसरला आहे आणि त्याने कित्येक ठिकाणी स्थानिक माशांची जागा घेतली आहे. मलावीच्या अनेक जातींच्या माद्या अंडी आणि पिल्ले तोंडातच सांभाळतात, त्यामुळे त्यांची पिल्ले मोठ्या संख्येने जगतात. पिल्ले नको असतील तर मादीला वेगळे काढणे बंद करावे. दगडांच्या टाकीत बाकीचे मासे त्यांतली बहुतेक संपवतात. उरलेली दुकानदाराला खाद्याच्या बदल्यात द्यावीत.