अल्कोहोलविरहित व्हाइट वाइन: द्राक्षरस की वाइन?

प्रश्न: आमची निफाड तालुक्यात थॉमसन द्राक्षांची बाग आहे. मुलीच्या साखरपुड्यासाठी नाशिकहून अल्कोहोलविरहित व्हाइट वाइन आणावी, असे घरात घाटत आहे. सासूबाई म्हणतात, बाटलीवर वाइन लिहिले आहे म्हणजे ती दारूच. मुलाच्या मते तो महागात विकलेला द्राक्षरस आहे. खरे काय? घरीच साधी वाइन उकळून तिच्यातील अल्कोहोल घालवता येईल का?
– एक वाचक, निफाड

उत्तर: आपल्या चिरंजीवांचा तर्क बहुतांशी चुकीचा आहे आणि सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण हे पेय आधी खरोखरीची वाइन असते. नाशिक परिसरात साधारण जानेवारी ते मार्च या काळात सोव्हिन्यॉं ब्लां, शेनँ ब्लां अशा जातींची काढणी होते. व्हाइट वाइनसाठी द्राक्षे दाबून रस सालींपासून लगेच वेगळा केला जातो आणि थंड टाक्यांमध्ये यीस्टच्या साहाय्याने आंबवला जातो. रसातील साखरेचे अल्कोहोल होते व त्याचे प्रमाण सुमारे १२ ते १३ टक्क्यांवर जाते. येथवर साधी आणि अल्कोहोलविरहित वाइन यांत काहीच फरक नसतो.

पुढचे काम नाजूक आहे. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते, परंतु तेवढ्या उष्णतेत वाइनचा सुगंध अल्कोहोलच्याही आधी उडून जातो आणि मागे शिजवलेल्या रसाची चव उरते. म्हणून हवेचा दाब अतिशय कमी केलेल्या बंद यंत्रात ३० ते ४० अंशांच्या आसपासच अल्कोहोलची वाफ केली जाते. जर्मनीतील कार्ल युंग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच अशा पद्धतीचे पेटंट घेतले होते. आजच्या एका यंत्रात पोलादी उभ्या नळकांड्यात एक स्थिर आणि एक फिरता असे शंकू आलटून पालटून बसवलेले असतात व त्यांवरून वाइन पातळ थराने खाली उतरते. पहिल्या फेरीत केवळ सुगंधी द्रव्ये काढून बाजूला ठेवली जातात, दुसऱ्या फेरीत अल्कोहोल निघते आणि मग तो सुगंध परत मिसळला जातो. पाणी शुद्ध करण्याच्या आरओसारख्या पडद्यांतून अल्कोहोल व पाणी वेगळे काढण्याचीही पद्धत आहे.

यावरून घरी उकळण्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळावे. सुगंध जाईल, अल्कोहोल मात्र पूर्णपणे जाणार नाही, आणि त्याची वाफ गॅसच्या शेगडीजवळ पेट घेऊ शकते. घरच्या थॉमसनचीच वाइन करावी म्हटले, तर परवान्याशिवाय ती करणे कायद्याला मान्य नाही. शिवाय ही जात खाण्यासाठी उत्तम असली तरी वासाला सौम्य आहे.

सासूबाईंची शंका अशासाठी रास्त आहे की, ‘अल्कोहोलविरहित’ म्हणजे नेहमीच शून्य नव्हे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अशा वाइनमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते. साध्या वाइनच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ९० मिलिलिटरहून अधिक अल्कोहोल असते, तर हिच्यात जास्तीत जास्त चार मिलिलिटरच्या आत; तथापि धार्मिक कारणाने किंवा वैद्यकीय सल्ल्याने ज्यांना एक थेंबही वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी ‘०.०’ असे स्पष्ट छापलेली बाटली घ्यावी किंवा सरळ कोकम सरबत ठेवावे. काही बाटल्यांत मात्र निव्वळ न आंबवलेला रसच असतो, म्हणजे चिरंजीवांची शंकाही अगदीच निराधार नाही. तेव्हा लेबलावरील घटकांची यादी वाचूनच बाटली निवडावी.

चवीची अपेक्षा माफक ठेवावी. अल्कोहोल गेल्यावर वाइन पातळ व अधिक आंबट लागते, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी अनेक उत्पादक साखर किंवा द्राक्षरस घालतात, त्यामुळे मधुमेही पाहुण्यांसाठी साखरेचा आकडाही पाहावा. वाढण्यापूर्वी बाटल्या चांगल्या गार कराव्यात. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी, कारण टिकवून धरणारे अल्कोहोलच नसल्याने ती साध्या वाइनपेक्षा लवकर बिघडते.