लाइट गेल्यावर घर चालवायचं कसं? जनरेटरबद्दल वाचकांचे प्रश्न

वळवाच्या एक-दोन सरी झाल्या, तारांवर फांद्या पडल्या, की जनरेटरची विचारपूस सुरू होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांना एकच जाणून घ्यायचंय: किती केव्हीएचा, म्हणजे किती ताकदीचा घेऊ? त्यामुळे पहिलं उत्तर लांबलंय. ते सगळ्यांनीच वाचावं.

प्रश्न (मेढा): आमचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला आहे. पावसाळ्यात लाइट गेली की कधीकधी दोन-दोन दिवस येत नाही. घरात फ्रिज, टीव्ही, चार पंखे, मिक्सर आणि बोअरवर एक एचपीची मोटर आहे. दुकानदार पाच केव्हीएचा घ्या म्हणतो, मेहुणे म्हणतात दोन-अडीचमध्ये भागेल. कुणाचं ऐकू?

उत्तर: मोटर जनरेटरवर चालवणार असाल तर दुकानदाराचं, नसाल तर मेहुण्यांचं.

हिशेब मांडून बघा. नऊ वॅटचे आठ बल्ब म्हणजे ७२ वॅट. साधा पंखा ७५ वॅटचा, चार पंख्यांचे ३००. टीव्हीला शंभर, फ्रिजला दीडशे धरा. सगळं मिळून सव्वासहाशेच्या आसपास. मिक्सरचे ७५० वेगळे, पण तो दहा मिनिटांचा खेळ. तेवढ्यापुरते पंखे बंद ठेवता येतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढतो, त्यासाठी जागा राखून ठेवावी लागते. एवढं सगळं अडीच केव्हीएचा जनरेटर निवांत पेलतो.

मोटरचं गणित निराळं आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, हे खरं. पण ते मोटर जे काम करते त्याचं माप झालं. ते करायला ती हजार-अकराशे वॅट घेते आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या तीन-चार पट, कधी त्याहूनही जास्त. छोट्या जनरेटरवर स्टार्टरचं बटण दाबलं की इंजिनाचा आवाज बसतो, दिवे पिवळे पडतात, मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणत राहते. तशीच चालू ठेवली तर वायंडिंग जळतं. बोअरमधून मोटर वर काढायचा खर्च किती येतो ते तुम्हाला माहीत आहेच.

माझं मत स्पष्ट आहे: केवळ टाकी भरण्यासाठी पाच केव्हीए घेऊ नका. लाइट आहे तोवर गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून ठेवा. हजार लिटरमध्ये चार-पाच माणसांचं काटकसरीनं दोन दिवस भागतं. गोठ्यात जनावरं असतील, त्यांच्या पाण्याचा प्रश्न असेल, तर मात्र मोठा जनरेटर घ्यावाच लागेल. मग आधी मोटर एकटी सुरू करायची आणि तिनं वेग घेतल्यावर बाकीचं जोडायचं.

पाटीवर दोन आकडे असतात, मॅक्स आणि रेटेड. दुकानात मॅक्सचा आकडा सांगतात. तासन् तास चालवायला उपयोगी पडतो तो रेटेड. नुसता केव्हीए लिहिलेला असेल तर ०.८ नं गुणा. अडीच केव्हीए म्हणजे दोन किलोवॅट.

आता पेट्रोल. सव्वासहाशे वॅटच्या लोडवर असा जनरेटर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितो. दोन दिवस अखंड चालवला तर पंचवीस ते पस्तीस लिटर जाईल. म्हणून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी दोन-दोन तासच चालवा. दार उघडलं नाही तर फ्रिजमधला गारवा चारेक तास टिकतो. रात्र इन्व्हर्टरवर काढा. घरगुती इन्व्हर्टर १५० एएचची बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास घेतो, तेव्हा सहा तासांत ती साधारण निम्मी भरेल. तेवढ्यावर साधे दोन पंखे चारेक तास चालतात, पण तीस वॅटचे बीएलडीसी पंखे असतील तर दोन पंखे रात्रभर. त्यामुळे जनरेटर मोठा घेण्याऐवजी तेच पैसे आधी पंखे बदलण्यात घाला.

प्रश्न (मिरज): आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लहान जनरेटर गॅलरीत ठेवून आतलं दार लावून घेतलं तर चालेल ना?

उत्तर: नाही. दार लावूनही नाही, खिडकी उघडी ठेवूनही नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. घरच्यांना वाटतं काहीतरी बाधलं असेल. झोपलेल्या माणसाला तर कळतही नाही. दारांच्या फटींतून, वरच्या मजल्याच्या खिडकीतून हा वायू आत शिरतो, म्हणजे तुमच्याबरोबर शेजाऱ्यांचाही जीव धोक्यात. जनरेटर उघड्यावर हवा, दार-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब आणि धुराड्याचं तोंड घराच्या उलट बाजूला. तुमच्या फ्लॅटला हे शक्य नाही. तुम्ही मोठी बॅटरी आणि चांगला इन्व्हर्टर घ्या. जनरेटर चालू असताना कुणाला गरगरलं तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न (पलूस): आमच्या मेस्त्रीनं दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून दिली आहे. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये, की सगळं घर चालू होतं. मी मेन स्विच आठवणीनं बंद करतो. तरी यात धोका आहे का?

उत्तर: ती वायर आजच कापून टाका, उद्यावर ढकलू नका.

जनरेटर चालू असताना सॉकेटमधली पिन निसटली, तर तिच्या उघड्या पितळी दांड्यांवर २३० व्होल्ट असतात. घरात लहान मूल असेल तर याहून वेगळं सांगायला नको. दुसरा धोका तुमच्या घराबाहेर आहे. एखाद्या रात्री, घाईत, अंधारात मेन बंद करायचा राहिला, तर तुमच्या जनरेटरची वीज मीटरमधून उलटी डीपीकडे जाते. डीपी एरवी ११ हजार व्होल्टचे कमी करून घरांना देतो. उलट्या बाजूनं वीज आली की तोच तिचे पुन्हा हजारो व्होल्ट करतो. त्याच वेळी लाइन बंद आहे असं समजून पावसात वायरमन खांबावर चढलेला असतो. तो आपल्याच गावातला कुणाचा तरी मुलगा असतो. आणि जनरेटर जोडलेला असतानाच महावितरणची लाइट परत आली, तर जनरेटर जळतो तो वेगळाच.

यावर साधा उपाय म्हणजे मीटरच्या पुढे बसवलेला दोन पोलचा चेंजओव्हर स्विच. दांडा वर केला की महावितरण, खाली केला की जनरेटर, मध्ये दोन्ही बंद. दोन्ही एकाच वेळी जोडले जाणं शक्यच नसतं. फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे, म्हणून दोन पोल. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. जनरेटरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

प्रश्न (सांगलीवाडी): २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत तळमजल्यात पाणी होतं. वरच्या मजल्यासाठी जनरेटर घ्यायचाय. ठेवायचा कुठे?

उत्तर: ताई, आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा अंगणातला ओटा कितीही उंच केला तरी त्याच्या भरवशावर राहू नका. जागा गच्चीच. पण जिन्याच्या खोलीत नको. तिथला धूर जिन्यावाटे सरळ खाली उतरतो. गच्चीच्या दूरच्या कोपऱ्यात, चारी बाजू मोकळ्या आणि वर पत्रा, अशी जागा करा.

याहून महत्त्वाचं काम वायरिंगचं. वरच्या मजल्याचा बोर्ड तळमजल्यापासून पूर्ण वेगळा करून घ्या आणि चेंजओव्हरही वरच बसवा. नाहीतर खाली पाण्यात बुडालेल्या सॉकेटना तुम्हीच वरून वीज द्याल. हे काम उन्हाळ्यात होतं, पाणी चढायला लागल्यावर होत नाही.

पेट्रोल किती साठवावं असंही तुम्ही विचारलंय. विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, मात्र ते घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये हवं, आणि एका कॅनमध्ये २५ लिटरपेक्षा जास्त नको. प्लॅस्टिकचे तेलाचे डबे नकोतच. आणि प्रशासनानं घर सोडायला सांगितलं तर जनरेटर आहे म्हणून मागे थांबू नका.

जनरेटर पाण्यात बुडालाच, तर दोरी ओढून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर आतला रॉड वाकतो. ऑइल आणि पेट्रोल काढून टाका, प्लग काढून ठेवा आणि वायंडिंग वाळवून, तपासून घेतल्यावरच चालू करा.

प्रश्न (पाचगणी): दोन केव्हीएचा जनरेटर सातारला भावाकडे व्यवस्थित चालायचा. इथे आणल्यापासून तेवढ्याच लोडला दमतो. बिघडलाय का?

उत्तर: बहुधा नाही. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे, तिथली हवा विरळ. दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते, म्हणजे तुमच्याकडे पंधरा टक्के कमी. दोनच्या जागी एक पूर्णांक सात धरा. कार्बोरेटरची सेटिंग उंचीनुसार बदलून घेतली तर काळा धूर कमी होईल, पण गेलेली सगळी ताकद परत येणार नाही.

प्रश्न (सातारा): आई घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहे. लाइट गेली की जीव टांगणीला लागतो. कोणता जनरेटर घेऊ?

उत्तर: तुमच्या घरी जनरेटर तिसऱ्या क्रमांकावर येतो. तो खाली जाऊन चालू करेपर्यंत काही मिनिटं जातात, आणि घरात नेमकं कुणी नसेल तर? पहिला क्रमांक प्युअर साइन वेव्ह, म्हणजे महावितरणसारखीच वीज देणाऱ्या इन्व्हर्टरचा. पाच लिटरचं मशीन साधारण साडेतीनशे वॅट घेतं, तेव्हा १५० एएचची चांगली बॅटरी तीन-साडेतीन तास देईल, आणि मशीन क्षणभरही बंद पडणार नाही. दुसरा क्रमांक भरलेल्या सिलिंडरचा. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटर लागत असेल तर बारा तास निघतात. वेग किती ठेवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, रेग्युलेटर लावायला घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या. त्यानंतर दोन केव्हीएचा इन्व्हर्टर टाइप जनरेटर घ्या. तो महाग असतो, पण त्याची वीज स्थिर असते आणि आवाज कमी. पेट्रोल आणि सिलिंडर मात्र एका जागी कधीही ठेवू नका.

प्रश्न (विटा): छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलंय, तरी लाइट गेली की तेही बंद पडतं. जनरेटर जोडून ते चालू करता येईल का?

उत्तर: ते बंद पडणं हीच त्याची सुरक्षा आहे. चालू राहिलं तर त्याची वीज बंद लाइनमध्ये जाऊन वायरमनचा जीव धोक्यात येईल. छोटा जनरेटर जोडून सोलरला फसवायला जाऊ नका. सोलरची जास्तीची वीज जनरेटरमध्ये घुसून तो खराब होईल. बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर बसवता येईल का, हे ज्यांनी सोलर बसवलं त्यांना विचारा.

प्रश्न (कराड): गेल्या वर्षी घेतलेला जनरेटर दिवाळीनंतर तसाच ठेवला. आता दोरी ओढून हात दुखले तरी चालू होत नाही.

उत्तर: टाकीत जुनं पेट्रोल राहिलं असणार. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि पेट्रोल महिनोन् महिने राहिलं की कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट थर बसतो. टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा, ताजं पेट्रोल घाला, प्लग काढून पुसा, ऑइलची पातळी बघा. ऑइल कमी असेल तरी बरेच जनरेटर मुद्दाम सुरू होत नाहीत. मग चोक लावून ओढा. तरी झाला नाही तर कार्बोरेटर उघडून साफ करावा लागेल. यापुढे महिन्यातून एकदा, दोन-तीन पंखे जोडून, पंधरा-वीस मिनिटं चालवत जा. ठेवून द्यायचाच असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या.