पीएच.डी.ची मुदत, पेपर आणि समानतेचे टक्के

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. जानेवारी २०२३ मध्ये पीएच.डी.ला अर्धवेळ प्रवेश घेतला आणि कोर्सवर्क पूर्ण केले. मात्र त्यानंतर बाळंतपणामुळे दीड वर्ष काम जवळपास थांबले. दोन पेपर छापून आल्याशिवाय प्रबंध स्वीकारत नाहीत आणि सहा वर्षे उलटली की नोंदणी रद्द होते, असे सहकारी सांगतात. पैसे भरले की आठवड्यात पेपर छापून देणारे एक नियतकालिकही त्यांनी सुचवले आहे. काय करावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपला प्रवेश ७ नोव्हेंबर २०२२ नंतरचा असल्यामुळे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे विनियम आपल्याला लागू होतात, आणि सहकाऱ्यांच्या बोलण्यात जुन्या नियमांची सरमिसळ झालेली दिसते. मुदत प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात. किमान तीन वर्षे, कमाल सहा. म्हणजे आपली सहा वर्षे जानेवारी २०२९ मध्ये भरतील. त्यानंतर पुनर्नोंदणी करून विद्यापीठ दोन वर्षांपर्यंत वाढ देऊ शकते, आणि महिला संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. एकूण मुदत मात्र दहा वर्षांपलीकडे जात नाही. यातले काहीही आपोआप मिळत नाही, त्यामुळे पुनर्नोंदणीचा अर्ज सहा वर्षे संपण्याच्या आत करावा. संपूर्ण संशोधनकाळात प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूदही आहे. ती आपण घेतली होती का, आणि घेतली असल्यास तिची लेखी नोंद विद्यापीठाकडे आहे का, हे आधी पाहा; तोंडी परवानगीवर घेतलेली रजा पुढे कुणालाच आठवत नाही.

पेपरांविषयी : प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रकाशित करावा आणि परिषदांमध्ये दोन सादर करावेत, ही अट २०१६ च्या विनियमांत होती, २०२२ मध्ये आयोगाने ती काढून टाकली. तथापि आयोगाचे विनियम हे किमान निकष आहेत आणि काही विद्यापीठांनी आपल्या अध्यादेशांत वा परिपत्रकांत पेपरची अट ठेवली आहे. म्हणून सहकाऱ्यांना विचारत बसण्यापेक्षा आपल्याच विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागातून आपल्या तुकडीला लागू असलेले परिपत्रक मागून घ्या. आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकाच्या वाटेला मात्र जाऊ नका. आठवड्यात निबंध तपासून, दुरुस्त्या सुचवून, त्या करून घेऊन छापणे शक्यच नसते. तिथे तपासणी होत नाही, पावती तेवढी फाडली जाते. आणि मौखिकीत बहिःस्थ परीक्षकाने त्या पेपरवर बोट ठेवले, तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडणे बंधनकारक आहे. मध्यंतरीच्या दीड वर्षात हे अहवाल राहून गेले असतील, तर मार्गदर्शकांशी बोलून ती बाब आत्ताच मार्गी लावावी. माझ्या मते खरी अडचण इथेच येऊ शकते, पेपरमध्ये नव्हे.

प्रश्न : संतसाहित्यावरील माझ्या प्रबंधाचा समानता अहवाल (किती मजकूर इतर लेखनाशी जुळतो हे सांगणारा संगणकीय अहवाल) १८ टक्के आला. मर्यादा १० टक्क्यांची आहे. पानोपानी अभंग असताना हे कसे टाळायचे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अभंग गाळू नका. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार योग्य श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश हे सारे मोजणीतून वगळायचे असते. सर्वज्ञात वा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्यही धरायचे नसते. मात्र अभंगाला अवतरणचिन्हे नसतील, तर यंत्राला तो आपलाच मजकूर वाटतो. तेव्हा प्रत्येक उद्धृताला अवतरणचिन्हे आणि गाथेतील अभंगक्रमांक द्या, ग्रंथालयात ही वगळणी चालू करून अहवाल पुन्हा काढून घ्या, आणि मग अहवालात जुळणाऱ्या म्हणून उरलेल्या रंगीत ओळी एकेक करून वाचा. त्या बहुधा अभंगांच्या नसतात, तर आधीच्या अभ्यासकांनी केलेल्या विवेचनाच्या असतात, आणि दोन-चार शब्द बदलून ते विवेचन आपले होत नाही. तेवढा भाग स्वतःच्या आकलनातून नव्याने लिहावा लागेल. सादर केलेल्या प्रबंधात समानता १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान आढळली, तर सुधारित प्रत देण्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने मिळतात. आपला प्रबंध अजून सादर व्हायचा असल्यास हे काम आत्ताच उरकलेले बरे.