श्वासाचा स्नायू रिकामा बसू नये

प्रश्न : आमचे आबा न्यूमोनियामुळे 6 दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. फुप्फुसं सुधारली, तरी नळी निघत नाही. का? – एक वाचक, रावेर

उत्तर : दादा, सगळा श्वास यंत्रानेच दिला की छातीखालचं श्वासपटल रिकामं बसतं आणि झपाट्याने झिजतं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, 18 ते 69 तास पूर्ण निष्क्रिय राहिलेल्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले दिसले. अवघ्या तीन दिवसांत! अशक्तपणाची इतर कारणंही असतात, ती डॉक्टर तपासतीलच. पण तुम्ही विचारा: गुंगीचं औषध रोज थोडा वेळ थांबवता येईल का? श्वास आबांनी ओढायचा, यंत्राने नुसता टेका द्यायचा, असं जमेल का? स्वतःच्या श्वासाची चाचणी रोज होते का? अन्नाच्या नळीतून प्रथिनं पुरेशी जातात ना?

मी जळगावात फिजिओथेरपी करते. केळीची बाग राखणाऱ्या एका आजोबांना नळीसकट पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं होतं. बरगड्यांखाली माझा तळहात. पहिल्या दिवशी पोट जेमतेम हललं. चौथ्या दिवशी हात चक्क बाहेर ढकलला गेला. त्यांची सूनबाई दारातच रडायला लागली.