टीकला ‘बिचारा’ म्हणण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

स्मारकाच्या चौथऱ्यावरची उठावशिल्पे तू घडवायचीस आणि कोनशिलेवर नाव मात्र कार्यशाळेच्या मालकांचे लागायचे, ही तुझी तक्रार मला समजते. परंतु तिच्या पुष्ट्यर्थ तू जर्मन शिल्पकार फ्रीडरिश टीकला साक्षीला उभे केलेस आणि त्याला ‘बिचारा’ म्हटलेस, तिथे मात्र मला राग आला. टीकचे काम तू पाहिले आहेस ते छायाचित्रांत, काळ्या पडद्यासमोर, डोळ्यांच्या रेषेत लावलेल्या कॅमेऱ्यातून. शिल्प ज्या जागेसाठी घडले त्या जागी पाहावे, प्रत्यक्ष जमत नसेल तर निदान मनात तरी ते तिथे उभे करावे, आणि मगच त्याविषयी बोलावे. हे तुला वर्गात सांगून सांगून माझा घसा बसला होता.

नावाचाच हिशेब मांडायचा असेल तर टीकची बाजू लंगडी आहे, हे मी आधीच कबूल करतो. 1776 साली बर्लिनमध्ये दोरखंड वळणाऱ्याच्या घरी तो जन्मला. थोरला भाऊ लुडविग पुढे नामांकित लेखक झाला, गुरू मिळाला तो शिल्पकार गोटफ्रीड शाडो आणि मित्र मिळाला तो शिल्पकार क्रिस्टियान राउख. अशा माणसांच्या गराड्यात जो उरतो, त्याला इतिहास ‘यांचा भाऊ’, ‘यांचा शिष्य’, ‘यांचा सहकारी’ म्हणून उरकून टाकतो. पैशांची ओढाताण होती, कामे रेंगाळत होती, हेही खरे.

तू ज्या प्रसंगावर एवढी हळहळलीस तो ऑगस्ट 1820 मधला. वास्तुकार शिंकेल राउख व टीक यांना घेऊन जर्मनीतल्या येना गावी गेला आणि तिथे त्या दोघांनी एकाच वेळी महाकवी गटेचा अर्धपुतळा मातीत घडवला. समोर तोच सत्तरीचा गटे, तीच माती, तोच वेळ. राउखचा गटे गाजला, त्याच्या प्रती सर्वदूर गेल्या. टीकचा मागे पडला. एवढे वाचून तू पुस्तक मिटलेस! जर्मनीत रेगेन्सबुर्गजवळ डॅन्यूब नदीच्या काठावर बव्हेरियाचा राजा लुडविग याने थोर पुरुषांसाठी ‘वालहाला’ नावाचे जे संगमरवरी मंदिर उभारले आणि जे 1842 मध्ये उघडले, त्यातला गटेचा अर्धपुतळा कोणाचा आहे, हे तू पाहिले नाहीस. तो टीकचा आहे, 1808 चा. नाटककार लेसिंगचाही त्याचाच आहे. तिथे भिंतीलगत अर्धपुतळ्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. अशा रांगेत एखादे डोके फार बोलके झाले, मान जरा जास्त वळली, केसांची वळणे फार खोल गेली, तर ते एकटे चमकते आणि अख्खी भिंत बिघडते. रांगेत बसूनही माणूस ओळखू यावा एवढेच सांगायचे आणि तिथे थांबायचे, हे राउखच्या तोलाचेच कसब आहे, फक्त टीकच्या अर्धपुतळ्यांच्या प्रती कोणी टेबलावर ठेवत नाही. या अर्धपुतळ्यांसाठी आणि इतर कामांसाठी टीक 1812 पासून 1819 पर्यंत इटलीतल्या कारारात, संगमरवराच्या खाणींच्या पायथ्याशी, राहिला. तेवढ्या वर्षांत तू म्हणतेस तशी ‘स्वतःची’ प्रदर्शने भरवता आली नसती का, असे विचारशील. आली असतीही. विचारूच नकोस.

आता बर्लिनकडे ये. शिंकेलचे नाट्यगृह 1821 मध्ये उघडले; त्याच्या माथ्यावर ग्रिफिनांच्या, म्हणजे गरुडाचे तोंड आणि सिंहाचे धड असलेल्या काल्पनिक प्राण्यांच्या, रथातला ग्रीक देव अपोलो आहे, त्याच्या घडणीत टीकचा हात आहे. दुसऱ्या महायुद्धात ती इमारत उद्ध्वस्त झाली आणि 1984 मध्ये संगीतगृह म्हणून पुन्हा उघडली, तीही अपोलोला माथ्यावर घेऊनच. शिंकेलच्याच संग्रहालयाची दर्शनी बाजू आठव: 18 आयोनिक, म्हणजे माथ्यावर गुंडाळीसारखी वळणे असलेले ग्रीक धाटणीचे, स्तंभ, त्यांवर लांबच लांब आडवी रेघ, आणि मागे घुमट झाकणारा चौकोनी ठोकळा. त्या ठोकळ्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर टीकचे घोडे आवरणारे दोन पुरुष उभे आहेत. त्यांचे चेहरे खालून कोणाला दिसतात? दिसते ती घोड्याच्या मानेची कमान, माणसाचा ताणलेला हात आणि त्या दोहोंमधले आकाश. एवढ्या उंचीवर डोळ्यांच्या पापण्या घासत बसणारा शिल्पकार मूर्ख असतो. तिथे पोकळी घडवावी लागते. तू मनातल्या मनात ती दोन माणसे तिथून उतरव आणि मग ती इमारत पाहा. शिल्प जागेवर पाहावे म्हणतो ते यासाठी.

पुढे 1830 मध्ये ते संग्रहालय उघडले आणि टीक त्याच्या शिल्पविभागाचा संचालक झाला. इतरांची, तीही हजारो वर्षांपूर्वीची, शिल्पे योग्य उजेडात आणि योग्य उंचीवर मांडणे हे त्याचे काम झाले. तुझ्या दृष्टीने ही अधोगती. माझ्या दृष्टीने जागा ओळखणाऱ्या माणसाला दिलेले याहून चोख काम दुसरे नाही. 1851 साली तो वारला, त्याच वर्षी बर्लिनच्या उंटर डेन लिंडन या रस्त्यावर राउखने घडवलेल्या, प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. एवढ्यावरून तुला उसासा टाकायचा असेल तर टाक.

माझ्याविषयीही तू सूचकपणे विचारलेस, म्हणून सांगतो. मीही उमेदीची वर्षे इतरांच्या इमारतींवर आणि इतरांच्या चौथऱ्यांवर घालवली. एका समितीने माझा पुतळा तयार झाल्यावर, मला न विचारता, शोभा वाढावी म्हणून चौथरा जवळजवळ दुप्पट उंच केला. आज तिथे उभे राहिले की छातीचा उभार दिसतो, हनुवटीचा तळ दिसतो, आणि ज्या कपाळासाठी मी पावसाळाभर माती ओली ठेवली ते कपाळ फक्त कावळ्यांना दिसते. दुःख आहे ते त्याचे. त्यावर माझे नाव ठळक कोरलेले आहे आणि त्या नावाने त्या कपाळाचे काही भले झालेले नाही. माझे सोबती दालनांत प्रदर्शने मांडत राहिले, त्यांची पुस्तके निघाली. मी गेलो नाही, कारण पांढऱ्या भिंतीसमोर, कुठेही नेता येईल असे काही घडवायला माझे हात वळलेच नाहीत. याला कोणी हट्ट म्हणो. कार्यशाळा सोडायची की नाही, ते तू ठरव. मालक मोबदला बुडवत असतील तर उद्याच सोड, त्यासाठी टीकची साक्ष नको. पण सहीसाठी सोडणार असशील तर मला पत्र लिहू नकोस.

आणि तूर्त एक कर. तुझ्या उठावशिल्पांचे मातीतले नमुने अजून सुकलेले नाहीत ना? मग प्लास्टरचा साचा घेण्याआधी त्या चौकात सकाळी एकदा आणि उतरत्या उन्हात एकदा जाऊन ये. तुझी शिल्पे चौथऱ्याच्या उत्तर बाजूला येत असतील, तर थेट ऊन त्यांच्यावर क्वचितच पडेल आणि कार्यशाळेतल्या दिव्याखाली सुंदर दिसणारा तो बोटभर उठाव तिथे सपाट पाटीसारखा दिसेल. चौथऱ्याची उंची, रस्त्यापासूनचे अंतर, समोर झाड आहे का, आणि प्रत्येक शिल्पाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे मला सविस्तर कळव. मग उठाव किती वाढवायचा ते बोलू.

तुझा,
जुना मास्तर