सातव्या महिन्यातली म्हणून मनानं कच्ची राहील का?

सोलापुरातल्या अशोक चौकाकडच्या एका आईचा प्रश्न. "मुलगी सातव्या महिन्यात झाली. आता पाचवीत आहे. वर्गात तोंड उघडत नाही, परीक्षा आली की पोट दुखतं. दिवस भरले नाहीत म्हणून मन कच्चं राहिलं का? पुढं वेड लागेल का?" (ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

डिस्चार्ज कार्ड जपलेलं होतं, हे फार बरं झालं. ३० आठवडे, १२५० ग्रॅम, आईचं बीपी वाढल्यानं तातडीचं सिझेरियन. 'मी टॉवेलच्या शिलाईला बसत राहिले म्हणून असं झालं' हे ओझं ती बाई दहा वर्षं वाहत होती. कारण कार्डावर लिहिलेलं होतं, पण ते तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

३७ आठवड्यांआधी जन्मलेलं मूल कमी दिवसांचं. ३२ च्या आतलं असेल तर चिंता, लक्ष न टिकणं आणि इतरांत मिसळायला जड जाणं जास्त आढळतं. गंभीर मानसिक आजाराची शक्यता थोडी वाढते खरी, पण मुळातच ती इतकी कमी असते की बहुतेकांना तो आजार होत नाही.

यातलं लक्ष न टिकणं बहुधा धिंगाण्याचं नसतं, म्हणूनच ते सुटून जातं. मूल गप्प बसून फळ्याकडं बघतं. तीन सूचना दिल्या तर पहिलीच डोक्यात राहते. गणितात आधी घसरण दिसते. शिक्षक 'शांत आहे, गुणी आहे' म्हणून पुढं जातात.

मनाकडं वळण्याआधी डोळे आणि कान तपासायला पाठवलं. कमी दिवसांच्या मुलांत नजरेचे दोष जास्त असतात. हिला चष्मा लागला. मागच्या बाकावरून फळा धड दिसतच नव्हता.

मग वयाचा हिशेब. जन्म २० नोव्हेंबरचा, डॉक्टरांनी दिलेली तारीख जानेवारीअखेरची. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंतचं वय धरतात. दिवस भरून झाली असती तर ती आज चौथीत असती! ही तुलना शाळेत कुणी केलीच नव्हती.

शाळेला लेखी कळवलं: पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, उत्तराला जादा वेळ. घरी १५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं उठून फिरणं.

खरी अडचण घरच्यांच्या भीतीची होती. 'नाजूक आहे' म्हणून तिला गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, कधी नेलंच नव्हतं. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती मात्र पक्की होते. म्हणून पायऱ्या ठरवल्या. आधी दुपारी, गर्दी नसताना, दहा मिनिटं. भीतीला ० ते १० गुण तिनंच द्यायचे. ८ वरून ४ वर आल्याशिवाय परतायचं नाही. दुसऱ्या खेपेला संध्याकाळी. पहिल्या दिवशी वडिलांनी घाईनं थेट पाळण्याच्या रांगेत उभं केलं आणि सगळं बिनसलं. दोन दिवस थांबून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली.

दोन आठवडे झोप-जेवण बिघडलं, शाळा पूर्ण बंद झाली तर मानसोपचारतज्ज्ञांकडं न्यायचं. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक फ्रीजवर चिकटवायला सांगितला.

तिसऱ्या खेपेला ती पाळण्यात बसली. आजी अजून पाहुण्यांसमोर 'ही सातव्या महिन्यातली' अशीच ओळख करून देते. पुढच्या भेटीला आजीला बोलावलं आहे.