जगात धान्य पुरेसं असतानाही भाव एकदम का भडकतात?

तुमचा प्रश्न असा आहे: जगात एकूण धान्य पुरेसं पिकतं, मग एखाद्या देशाने निर्यात थांबवली किंवा कुठे युद्ध पेटलं की सगळीकडे भाव लगेच का चढतात? आणि हे सगळं सटोडियेच घडवतात का?

सट्टा चढत्या भावाला जोर देतो, हे खरं. पण माझ्या मते दुखणं दुसरीकडे आहे. एका देशातून दुसऱ्या देशात जाणारं धान्य मुळात थोडं असतं आणि नेमकं अडचणीच्या दिवसांत सरकारं ते अडवतात.

तांदळापासून सुरुवात करू. जगात पिकणाऱ्या तांदळापैकी जेमतेम दहा टक्के तांदूळ परदेशात विकला जातो. बाकीचा जिथे पिकतो तिथेच खाल्ला जातो. गव्हाचा साधारण चौथा हिस्सा बाहेर जातो. विकणारे देशही मोजकेच. २०२२ मध्ये जगाच्या तांदूळ व्यापारात एकट्या भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता. म्हणून जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा थायलंड आणि व्हिएतनामचे भावही चढले. ज्यांना तांदूळ विकत घ्यावाच लागतो, त्यांच्यासमोर तेवढेच विक्रेते उरले होते.

२००८ साली जे झालं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं, कारण तेव्हा भाताचं पीक बुडालेलंच नव्हतं. गहू, मका आणि खनिज तेल महागत होतं आणि तांदूळही महागेल या धास्तीने सरकारं आधीच सावध झाली. भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये निर्यातीवर निर्बंध आणले, मग व्हिएतनामने हात आखडता घेतला. तेव्हाचा सगळ्यात मोठा आयातदार फिलिपिन्स घाबरला आणि मिळेल त्या भावाने मोठमोठ्या निविदा काढू लागला. त्या निविदांचे आकडे बघून व्यापाऱ्यांनी माल दाबला, लोकांनी घरात पोती भरली. जानेवारीत टनाला ४०० डॉलरच्या आत असलेला थाई तांदूळ मे महिन्यापर्यंत १००० डॉलरच्या वर गेला.

भाव उतरले तेही विलक्षण रीतीने. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे जपानला दरवर्षी ठरावीक तांदूळ आयात करावा लागतो. तो गोदामांत पडून होता, पण त्यातला बराचसा अमेरिकेचा असल्यामुळे तिच्या संमतीशिवाय तो बाहेर विकणं अवघड होतं. मे महिन्यात अमेरिका आडकाठी करणार नाही असं दिसू लागलं, आणि जपान हा साठा मोकळा करणार या नुसत्या बातमीने बाजार घसरायला लागला. पुढे नवं पीक आलं, व्हिएतनामनेही निर्यात खुली केली. फिलिपिन्सला जायचा म्हणून ज्या जपानी साठ्याची चर्चा होती, तो शेवटी गेलाच नाही. तरी भाव उतरले, कारण आता कुणी ना कुणी विकेल असा भरवसा लोकांना वाटू लागला होता.

आपल्या लोकांच्या ताटातलं आधी बघणाऱ्या सरकारला मी दोष देणार नाही. पण दहा सरकारं एकाच वेळी तसं वागली की त्याची किंमत आयातीवर जगणारे गरीब देश मोजतात. विल मार्टिन आणि किम अँडरसन या अर्थतज्ज्ञांनी २००६ ते २००८ मधल्या भाववाढीचा हिशेब मांडला होता. निर्यात रोखणं, आयात शुल्क उतरवणं अशा देशोदेशीच्या उपायांचा तांदळाच्या भाववाढीतला वाटा त्यांनी ४५ टक्के काढला आणि गव्हाच्या बाबतीत ३० टक्के.

मला सर्वाधिक खटकते ती नियमांमधली तफावत. १९९५ पासून लागू असलेल्या, जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारात आयात शुल्काला कमाल मर्यादा आहेत. निर्यात रोखायला मात्र जवळपास मोकळीक आहे: देशात टंचाई असेल तर तात्पुरती बंदी चालते, फक्त आधी कळवावं लागतं आणि आयातदारांच्या गरजेचा विचार करावा लागतो. म्हणजे विकणाऱ्याला बाजार मिळण्याची थोडीफार हमी आहे, विकत घेणाऱ्याला माल मिळण्याची नाही. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम मदतीसाठी जे धान्य घेतो, ते तरी निर्यातबंदीत अडकवायचं नाही, एवढं ठरायला जून २०२२ उजाडावा लागला.

बंदी घालणाऱ्यालाही ती फुकट पडत नाही. जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात रोखली. बंदी काही महिन्यांतच उठली, पण जपानने धडा घेतला आणि ब्राझीलच्या सेराडो भागात सोयाबीन पिकवायला पैसा आणि तंत्रज्ञान पुरवलं. अर्थात, ब्राझीलच्या स्वतःच्या कृषी संशोधकांचं श्रेय त्यात मोठं आहे. आज सोयाबीनचा सगळ्यात मोठा निर्यातदार ब्राझील आहे. २०१८ मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावलं तेव्हा त्याच्याकडे दुसरा विक्रेता तयार होता.

जागतिक भाव उतरले तरी आपल्याकडे महागाई का राहते, असंही लोक विचारतात. धान्याचे व्यवहार मुख्यतः डॉलरमध्ये होतात, हे त्याचं एक कारण. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा, म्हणजे एफएओचा, अन्नधान्य भावांचा निर्देशांक मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध सुरू झाल्याझाल्या, विक्रमी पातळीवर गेला आणि मग उतरत गेला. पण त्याच मार्चपासून वर्षभरात इजिप्तच्या पौंडाची डॉलरमधली किंमत जवळपास निम्मी झाली. गव्हासाठी आयातीवर इतकं अवलंबून असलेल्या देशाला त्या स्वस्ताईतून काय मिळणार? शिवाय मालवाहतूक, विमा आणि खतांचे खर्च वेगळेच.

पुढच्या वेळी एखाद्या देशाच्या निर्यातबंदीची बातमी आली तर त्या देशाचं उत्पादन किती हे नंतर बघा. जगाच्या निर्यातीत त्याचा वाटा किती हे आधी बघा. त्याच्यामागून आणखी कोण बंदी घालतंय तेही पाहत राहा. जगाच्या एकूण साठ्याच्या आकड्यावर फार विसंबू नका. गहू, तांदूळ आणि मका यांचा निम्म्याच्या आसपास साठा चीनमध्ये आहे आणि तो सहसा बाहेर विकायला येत नाही. निर्यातदार देशांच्या गोदामांत काय आहे, तेच टंचाईत उपयोगी पडतं. २०११ मध्ये जी-२० देशांनी ॲमिस नावाची यंत्रणा उभी केली ती याच माहितीसाठी. गहू, मका, तांदूळ आणि सोयाबीन या चार पिकांचं तिचं बाजार-निरीक्षण कुणालाही फुकट वाचता येतं.